एकशे त्र्याऐंशी कार्डं

रोज सकाळी सात वाजता खालच्या मजल्यावरून ठोके ऐकू यायचे. त्या बुधवारी ते आले नाहीत.

उल्का कॉफीचा पेला हातात धरून जिन्याच्या वरच्या पायरीशी थांबली. सात पाच झाले, सात दहा झाले. खाली विळीचीही कचकच नाही. कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या या अरुंद घराच्या वरच्या दोन खोल्यांत ती तीन वर्षं भाड्यानं राहत होती. पुण्याहून आलेली, सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअल लिहिणारी मुलगी. तिचं घड्याळ या ठोक्यांवरच लागलेलं.

मग सरांचा आवाज आला, जुनं धोतर फाटावं तसा.

"कमला! माझी वाक्यं नेली ग कुणीतरी!"

उल्का दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आली.

शेषगिरीराव टेबलाशी उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर, त्यातली एकेचाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेली. त्यांच्यासमोर लांबलचक लाकडी खण होता, जुन्या वाचनालयात असायचा तसा. त्यात उभी लावलेली कार्डं. एका कार्डावर एक इंग्रजी वाक्य. सगळी वाक्यं एकाच जातीची, एका कामाच्या पोटात दुसरं काम घेऊन आलेली. अमुक करून तमुक केलं. अमुक करत तमुक केलं. अशा वाक्यात काळ कोणता घ्यायचा, कॉमा कुठं द्यायचा, कुठं मुळीच द्यायचा नाही, एवढ्याचसाठी सरांनी आयुष्यभर ही नऊशे कार्डं जमवली होती. इंग्रजीला हात त्यांच्या पिढीतले खूप जण लावून गेले, पण सरांचा हात त्या कॉमावरून कधी निघालाच नाही.

खणातली कार्डं आता दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती.

"कुलूप?" उल्कानं विचारलं.

"लावलेलं होतं."

"किल्ली?"

"शब्दकोशाच्या पोटात. नेहमीसारखी."

"हे कुणाकुणाला माहीत आहे, सर?"

"मला. हिला. तुला." सरांनी बोट वर केलं. "आणि त्या देवव्रताला! काल संध्याकाळी आला होता. मी संध्येला बसलो तेवढ्यात डाव साधला. इथं शिवाजीनगरात क्लास चालवतो ना? माझ्या वाक्यांवर चालवतो!"

स्वयंपाकघराच्या दारात कमलाबाई उभ्या होत्या. पदराचं टोक मुठीत.

"उद्या पाचला श्वेताबाई येणार," सर म्हणाले आणि एकदम खाली बसले. "काय दाखवू मी त्यांना?"

हे उल्कालाही टोचलं. एका प्रकाशनाच्या संपादक श्वेताबाईंना तिनंच गाठलं होतं. दोन वर्षांपूर्वी नमुन्याची चाळीस कार्डं पाहून त्या खूश झाल्या होत्या. पण त्यांची व्याकरणाची पुस्तकमालाच आता बंद होत होती. गुरुवारी पाचपर्यंत कार्डं हातात पडली तर शेवटचं पुस्तक सरांचं, नाही तर कधीच नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. चाळीस कार्डांपलीकडे सरांनी उल्कालाही काही पाहू दिलं नव्हतं. पूर्ण झाल्याशिवाय नाही, म्हणायचे.

"मी शोधते," ती म्हणाली. "पोलीस नको, सर. उद्यापर्यंत नको."

"उद्या पाचपर्यंत," सर म्हणाले. "मग मी देवव्रताचं नाव घालून तक्रार देणार."

*

स्वयंपाकघरात कमलाबाईंनी तिच्यापुढं इडलीची ताटली सरकवली.

"स्वल्प खा ग. उपाशी पोटानं काय शोधशील?"

"अक्का, काल देवव्रत गेल्यावर कुणी आलं होतं?"

"इल्ला. कुणी नाही."

"सर झोपले किती वाजता?"

"नऊला. औषध घेतलं की झोपतातच."

"आणि तुम्ही?"

"मी काय, माझं आवरून."

उल्का खात खात इकडंतिकडं बघत होती. भिंतीवर कालनिर्णयाचं पान, त्यामागं गेल्या वर्षीचं कॅलेंडर तसंच अडकवलेलं, त्याच्या कडेला पेन्सिलीनं बारीक मराठी आकडे. दूध, गॅस, काहीतरी. ३८, २०६. तांदळाच्या डब्याशेजारी पाटावर एक पेटी, लाल फडक्यात बांधलेली. गाठ ताजी होती, फडक्याला घडीच्या रेघा होत्या.

"गौरीची पेटी ना ही? आत्ता माघात कशी खाली?"

"ऊन दाखवते. मुखवट्यांना बुरशी धरते बघ माळ्यावर."

कमलाबाई विळीवर बसल्या. घेवड्याच्या शेंगा पात्यावर कचकच करू लागल्या. मग मान वर न करता त्यांनी विचारलं,

"उल्का, पुस्तक एकदा छापलं की मग त्यातलं पुसता येतं का ग?"

"नाही अक्का. छापलं की छापलं."

"सरी, बरं," कमलाबाई म्हणाल्या. बराच वेळ विळी चालली नाही.

*

उल्कानं ऑफिसला सुट्टी टाकली आणि दुपारपर्यंत कार्डं मोजली. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात सरांनी क्रमांक घातला होता. वाक्य इंग्रजीत, क्रमांक मात्र मराठीत. पूर्ण झाल्याशिवाय वाक्यं वाचायची नाहीत, म्हणून तिनं कोपरेच तेवढे पाहिले. लॅपटॉपवर तिनं गहाळ क्रमांकांची यादी केली. सदतीस, अडतीस, एकशे चौदा, दोनशे सहा. एकूण एकशे त्र्याऐंशी.

एका धड्यातली नव्हती. ओळीनंही नव्हती. इथं एक, तिथं तीन. कुणीतरी सावकाश बसून निवडली होती, तांदळातले खडे निवडावेत तशी.

संध्याकाळी तिनं शिवाजीनगर गाठलं. बसस्टँडच्या मागं, कुकरची दुरुस्ती करणाऱ्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर देवव्रतचा क्लास. पंचेचाळिशीचा माणूस, बाह्यांवर खडू. सरांच्या एका जुन्या तुकडीतला सर्वांत हुशार मुलगा.

"या पुणेकर," तो म्हणाला. "फोनवर आकडा सांगितलात, आता हातकड्या आणल्यात का?"

"काल तुम्ही सरांकडं कशाला गेला होता?"

"दर मंगळवारी जातो. पंचवीस वर्षं जातोय."

"सर संध्येला बसले तेव्हा तुम्ही एकटे होता. किती वेळ?"

"पंधरा मिनिटं. तेवढ्यात एकशे त्र्याऐंशी कार्डं निवडून काढता येतात? तुम्हीच मोजलीत ना, किती वेळ लागला?"

"चार तास."

"मग? चोराला घाई असते. तो अख्खा खण उचलतो. शिवाय मी चोरू काय? इकडं बघा."

त्यानं फळ्याकडं हात केला. फळ्यावर तीन वाक्यं होती. सिंगिंग सॉफ्टली, शी ग्राउंड द फ्लाउर. हॅविंग ड्रॉन द वॉटर, शी लिट द लॅम्प. द गर्ल स्टँडिंग ॲट द वेल इज माय सिस्टर.

"पहिल्यात गाणं नि दळण एका वेळी," तो सांगू लागला, जणू ती विद्यार्थिनीच. "दुसऱ्यात पाणी भरून झालं, मग दिवा. आधीचं काम आधीच्या काळात टाकायचं. दोन्हीकडं पहिला तुकडा संपला की कॉमा. तिसऱ्यात कॉमाच नाही, कारण विहिरीपाशी उभी ती कोण, हे त्या तुकड्याशिवाय कळतच नाही. सर म्हणायचे, कॉमा हा उंबरठा आहे. जिथं घर बदलतं तिथंच घालायचा, दिसला दगड की बसवला असं नाही." तो हसला. "आम्हाला ते अंगठीनं शिकवायचे. स्टीलच्या पेल्यावर. कॉमाला एक ठोका. पहिलं काम संपून गेलेलं असेल तर दोन. कॉमा नाही तर ठोका नाही. आधी क्रमांक मराठीत ओरडायचे, मग वाक्य. रोज सकाळी दहा कार्डं. अजून करतात ना?"

"करतात. मला वर नुसते ठोके ऐकू येतात, शब्द नाहीत." ती थांबली. "मंगळवारी तुम्हाला काही वेगळं दिसलं?"

देवव्रत फळा पुसायला लागला. पुसून झालेली जागा पुन्हा पुसली.

"मला म्हणाले, हल्ली तू वर्गात बसत नाहीस, वडिलांना बोलावून आण."

"गंमत केली असेल."

"माझे वडील वारून सोळा वर्षं झाली, मॅडम. सर स्मशानात आले होते."

*

गुरुवारी सकाळी सातला ठोके आले.

उल्का अनवाणी उतरली आणि दाराआड उभी राहिली. उरलेल्या कार्डांपुढं सर नीट भांग पाडून बसले होते. आत विळीवर भेंडी.

"क्रमांक सहाशे चाळीस," सरांनी मराठीत पुकारलं. मग इंग्रजीत, एकेका शब्दाला जपत, "हॅविंग," आणि एक ठोका, "मेंडेड द नेट," आणि काहीच नाही, "द फिशरमन," पुन्हा ठोका, "स्लेप्ट."

जाळं सांधून झाल्यावर कोळी झोपला, एवढंच साधं वाक्य. सरांनी कोळ्याला झोपेच्या दाराशीच अडवला होता.

आतली विळी थबकली. मग दोनदा कचकच झाली, लागोपाठ. जिथं दोन ठोके पडायला हवे होते तिथले दोन.

उल्कानं आत विळीकडं वळून पाहिलं.

सर डुलकी घेईपर्यंत ती थांबली. मग खणातली कार्डं एकेक करून उजेडात धरली. पहिली पन्नास स्वच्छ. पुढं मध्येच एक कार्ड ब्लेडनं खरवडलेलं. मग आणखी एक. शेवटाकडं खरवडलेली जास्त, स्वच्छ कमी.

दुपारी सर आतल्या खोलीत झोपल्यावर ती त्यांच्या खुर्चीत बसली. बोटात अंगठी नव्हती म्हणून तिनं चमचा घेतला. आत कमलाबाई मुळा चिरत होत्या.

"क्रमांक अकरा," तिनं मोठ्यानं म्हटलं आणि वाक्य वाचलं. ठोका जागच्या जागी दिला. विळी चालत राहिली.

"क्रमांक बारा." तोही बरोबर. विळी चालत राहिली.

"क्रमांक तेरा." या वेळी तिनं ठोका मुद्दाम भलत्या शब्दावर दिला.

विळी थांबली. घरात इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याचं कन्नडमधलं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू आलं.

उल्का उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं.

*

तीन वाजता देवव्रत आला. तिनंच बोलावलं होतं. सर आतल्या खोलीत झोपले होते. तिनं मधलं दार ओढून घेतलं आणि तिघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसली.

"अक्का," उल्का म्हणाली, "मी सांगते. चुकलं तर थांबवा."

कमलाबाईंनी मान हलवली.

"कुलूप फोडलेलं नव्हतं, म्हणजे चोर किल्ली माहीत असलेल्यांतला. कार्डं निवडून काढलेली, म्हणजे त्याला वेळ होता, देवव्रतकडं होता त्याहून खूप जास्त. आम्हाला वाटलं, निवडायला इंग्रजी यायला हवं. ते काही खरं नव्हतं. क्रमांक मराठीत आहेत. ज्याला क्रमांक ठाऊक, त्याला वाक्य वाचायची गरजच नाही."

तिनं कॅलेंडर जमिनीवर पसरलं.

"हे दुधाचे आकडे नाहीत. दोनशे सहा लिटर दूध कोण घेतं? हे कार्डांचे क्रमांक आहेत. माझ्या यादीशी ताडून पाहिले, एकशे त्र्याऐंशीच्या एकशे त्र्याऐंशी जुळले. ज्या दिवशी सरांचा ठोका चुकला, त्या दिवशी इथं तो क्रमांक पडला."

"पण अक्कांना इंग्रजी..." देवव्रत म्हणाला.

"बाजारापुरतं. पण सर रोज क्रमांक पुकारतात आणि अक्का इथं विळीवर बसतात. पंचेचाळीस वर्षं तेच क्रमांक, तेच ठोके. ओवीत कुठं थांबायचं हे कुणी पुस्तकात बघून शिकतं का? त्यांना वाक्य कळत नाही, पण त्याची चाल पाठ आहे. आज मी तेरा नंबरला चुकीचा ठोका दिला आणि विळी थांबली."

कमलाबाई कॅलेंडरवरून बोट फिरवत होत्या.

"आणि छापल्यावर पुसता येतं का, असं विचारलंत," उल्का हळूच म्हणाली. "मी नाही म्हटलं. कार्डं त्या पेटीत आहेत ना?"

कमलाबाई उठल्या. लाल फडक्याची गाठ त्यांनी सोडली. पेटीत गौरीचे दोन पितळी मुखवटे गालाला गाल लावून ठेवलेले. त्यांच्याखाली कार्डं.

"पहिल्यांदा एकशे चौदा चुकलं," कमलाबाई म्हणाल्या. "गेल्या चैत्रात. म्हटलं, खोकला आला असंल. दुसऱ्या दिवशी सदतीस. मग हे ब्लेड घेऊन खरवडायला बसले. म्हटलं, अहो, बरोबर होतं की ते. म्हणाले, तुला काय कळतं ग. खरंच, मला काय कळतं?" त्यांनी पदर तोंडाला लावला, काढला. "लिहून ठेवत गेले. संक्रांतीनंतर सोडलं. दहाच्या दहा चुकायला लागली, लिहू किती?"

"मग सगळीच का नाही काढलीत?" उल्कानं विचारलं.

"हात झाला नाही. सकाळी बसणार कशापुढं?"

"डॉक्टर?" देवव्रतनं विचारलं.

"दाखवलं. म्हणाले, हे परत येत नाही अक्का, फक्त जातं. किती हळू जातं ते बघायचं." त्या देवव्रतकडं वळल्या. "त्या बाई ही कार्डं नेतील, वाचतील, कुणाला तरी दाखवून हसतील. गावभर होईल, शेषगिरीराव कामातून गेले म्हणून. ते व्हायला नको होतं मला. पण ते तुझं नाव घेतील असं नव्हतं रे वाटलं. काल रातभर डोळा लागला नाही. तू लेकरासारखा."

देवव्रतनं एकशे चौदा क्रमांकाचं कार्ड उचलून खिडकीसमोर धरलं. तीन ठिकाणी कागद खरवडून खरवडून पातळ झाला होता. एका जागी आरपार भोक पडलेलं, त्यातून अंगणातला लिंबू दिसत होता.

"सव्वातीन," उल्का एकदम म्हणाली. "पावणेदोन तास आहेत. अक्का, तुम्हाला चाल पाठ आहे. तुम्ही ठोके द्या, आम्ही दोघं कार्डं दुरुस्त करू. एकशे चौदा?"

कमलाबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले. मग बोटाच्या पेरानं पाटावर वाजवलं. लांब थांबून दोन ठोके, आणि मग शेपटीसारखं काहीतरी.

उल्कानं पेन उचललं, कार्डाकडं पाहिलं, आणि पेन तसंच राहिलं.

सरांनी नुसते कॉमा हलवले नव्हते. शब्दच खरवडले होते. एका कामाच्या जागी दुसरं, त्यावर तिसरं, आणि शेवटी अक्षरांचं नुसतं गवत. सदतीस तसंच. दोनशे सहा तसंच. खणात उरलेल्यांतही निम्मी तशीच. कमलाबाई एकामागून एक अचूक ठोके देत होत्या. ठोके होते, वाक्यं राहिली नव्हती.

"तुमच्या वह्यांत?" तिनं देवव्रतला विचारलं.

"साठ-सत्तर असतील. बाकीची कधी उतरवली नाहीत. वाटायचं, सर आहेत की."

चार वाजता उल्कानं श्वेताबाईंना फोन लावला. कार्डं हरवली, सापडणार नाहीत, एवढंच सांगितलं. पलीकडून "वाईट झालं" एवढं आलं, आणि फोन ठेवल्याचा आवाज.

"सरांना काय सांगायचं?" ती म्हणाली. "पाच वाजता ते विचारणार."

"खरं नको," कमलाबाई म्हणाल्या. "हात जोडते."

"खरं कशाला," देवव्रत म्हणाला. तो कार्डांच्या कडा जुळवत होता, हळूहळू, पेटीत ठेवायला. "माझंच नाव राहू द्या."

"देवव्रत, ते तुला दारात उभं करणार नाहीत!" कमलाबाई म्हणाल्या.

"नाही करणार. पण चोरून नेण्याजोगं काहीतरी आपल्यापाशी होतं, एवढं तरी त्यांच्याजवळ राहील. दुसरं सांगितलं तर तेही जाईल." त्यानं मुखवटे कार्डांवर ठेवले. "तक्रारीचं बघता येईल. उद्या आठवलं तर."

तो निघाला तेव्हा आतल्या खोलीच्या दारापाशी क्षणभर थांबला. दर मंगळवारी जाताना तो सरांच्या पाया पडायचा. आज उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि गेला.

*

शुक्रवारी सातला उल्का खाली आली तेव्हा सर खुर्चीत ताठ बसले होते. डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी तेज होतं.

"कळलं का तुला? देवव्रतानं पुस्तक चोरलं माझं," ते म्हणाले. रागाखाली कुठंतरी अभिमान होता, लपवूनही न लपणारा. "शेवटी माझाच विद्यार्थी. त्याला किंमत ठाऊक."

"हो, सर."

"तू कोण ग?"

"वर राहते, सर. उल्का."

"बस मग. ऐक." त्यांनी खणातून एक कार्ड ओढलं. "क्रमांक सातशे दोन."

ते वाचू लागले. बाजार आटोपून एक बाई घरी परतली, असलं काही वाक्य असावं. पहिल्याच शब्दावर अंगठी पेल्याला लागली. मग एकदा मध्ये. मग शेवटी, वाक्य संपल्यावर, आणखी एकदा, कारणावाचून.

उल्कानं आतल्या दाराकडं पाहिलं.

कमलाबाई विळीवर बसल्या होत्या. त्यांचा हात एकदा अडखळला, जुन्या जागेपाशी गेला, थांबला. मग त्यांनी शेंग पुन्हा पात्याला लावली आणि जिथं सरांचा ठोका पडला होता तिथं चिरली. पुढच्या ठोक्याला पुन्हा. शेवटच्या, कारण नसलेल्या ठोक्यालाही एक कचकच दिली.

"क्रमांक सातशे तीन," सर म्हणाले.